खुर्चीतल्या माणसाला मत नाही

मान हलवू नका साहेब — हां, असंच, हनुवटी जरा वर — आरशाकडे बघायचंय तर नुसते डोळे फिरवा, वस्तरा गळ्याशी आहे आणि माझा हात आज जरा — नाही नाही, घाबरू नका, हात चांगला आहे माझा, शाळा नववीत सोडली ती या हातासाठीच. बाहेरगावचे तुम्ही, ते मघाशीच ओळखलं मी, डावं दार ढकलत होतात ना! गावातलं शेंबडं पोरसुद्धा उजवं ढकलतं. डावं पर्व्हिसकाकांनी कधीचं खिळे मारून बंद केलंय. पर्व्हिसकाका म्हणजे मालक. मी टॅव्हिस, मी नोकर. काका समोर गेलेत, चर्चमध्ये. सगळेच गेलेत, म्हणून रस्ताभर गाड्या. — हो, अंत्यविधीच आहे. — आहे कुणाचा तरी. तुम्हीही तिकडेच निघालात वाटतं, काळा सूट आहे म्हणून म्हटलं. होईल हो दाढी, वेळ आहे, आमच्याकडे गाणीच तासभर चालतात, पाद्री उठेपर्यंत तुमची पुन्हा वाढेल.

तर मी काय सांगत होतो, तो आरसा. ते साबणाने लिहिलंय ना, पाच नावं — ती आमची पाच. कॉलेजात बास्केटबॉल खेळलेले आजवरचे सगळ्यात मोठे पाच. पुढे पैसे घेऊन कोण काय खेळला ते इथे चालत नाही, फक्त कॉलेज. बाकी देश काय म्हणतो, टीव्हीवाले काय म्हणतात, त्याच्याशी आम्हाला घेणं नाही. नाव पुसायचं असेल तर शनिवारी यायचं, दुकान भरलेलं असताना, आणि भांडून जिंकायचं. वर्षानुवर्षं पहिला अल्सिंडॉर — तीन वर्षं खेळला, तिन्ही वर्षं अजिंक्य, तो खेळायला लागल्यावर त्या नियमवाल्यांनी जाळीत वरून चेंडू कोंबायलाच बंदी घातली, यापेक्षा मोठं सर्टिफिकेट काय पाहिजे? दुसरा आपला थॉम्पसन. आपला म्हणजे याच राज्यातला. युबँक्स आजोबा, आमचं सगळ्यात जुनं गिऱ्हाईक, म्हणतात तो उडायचा, आणि तो उडाला ते आपण रॅले शहरात जाऊन प्रत्यक्ष पाहिलं. हे त्यांनी एकदा सुरू केलं की गिऱ्हाईक दाढी न करता पळतं. तिसरा वॉल्टन. फायनलमध्ये बावीसदा मारला आणि एकवीसदा आत — मी म्हणतो त्या बाविसाव्याला काय धाड भरली होती? चौथा मॅराविच. पाचवा दर शनिवारी बदलायचा, त्यावरून इथे लोकांनी सोयरिकी मोडल्यात.

आणि नियम एकच. तो पुठ्ठा दिसतो ना, गल्ल्याच्या वर? 'खुर्चीतल्या माणसाला मत नाही.' मी यायच्या आधीचा आहे तो. काका एका गिऱ्हाइकाची दाढी करता करता विचारत होते, बोल, थॉम्पसन मोठा की नाही? तो म्हणाला, मोठा, मोठा, सगळ्यात मोठा! फेस पुसला, उठला, दारापर्यंत गेला आणि तिथून ओरडला — खोटं बोललो, वस्तरा होता! तेव्हापासून कायदा. वस्तऱ्याखालचा माणूस कशालाही हो म्हणतो, ते धरायचं नाही. म्हणून मी तुम्हाला विचारत नाहीये. अजून नाही विचारत.

— काय म्हणालात? पहिलं नाव? — रॉन्डेल स्पाइट. वाचता येतंय ना, वाचलंत की. — हां. तोच. समोर आहे तो. — हो साहेब, माझा भाऊ.

नका, नका ना सॉरी म्हणू. सकाळपासून सगळा गाव तेच म्हणतोय. जरा गाल फुगवा. — मी तिकडे का नाही? जाणार आहे ना. लुरीन मावशीने त्या छापील कागदात माझं नाव घातलंय, 'दोन शब्द — धाकटा भाऊ'. मला न विचारता! दोन शब्द कुठले आणायचे मी? मी म्हटलं, दुकान उघडं ठेवतो, कुणी लांबून आलं, दाढी वाढली असेल — आणि बघा, आलात की तुम्ही. कुणी येणार हे मला माहीत होतं.

गुरुवारी गेला. कोंबड्यांच्या कारखान्यातली पाळी संपवून गाडीत बसला, पट्टा लावला, आणि तसाच. हृदय म्हणे. एकतीस वर्षांच्या माणसाचं, असल्या माणसाचं, जो आख्खा सामना एकदाही न बसता — असो. फोन आला तेव्हा युबँक्स आजोबा या खुर्चीत होते. अर्धं डोकं झालं होतं, अर्धं राहिलं होतं. मी मशीन चालूच टाकून पळालो. काका म्हणाले, मी पुरं करतो, तर आजोबा म्हणाले, पोरगा येईल तेव्हा तोच करेल. म्हातारा तसाच फिरतोय हो. अर्धा काळजीपूर्वक भादरलेला, अर्धा मेंढरासारखा. आता चर्चमध्ये तर टोपीही काढावी लागते. तसाच बसला असेल पुढच्या बाकावर.

आणि हाच म्हातारा, साहेब — हाच — माझ्या भावाला आयुष्यभर काय म्हणायचा माहितीये? 'उजव्या'! रॉन्डेल दारातून आत आला की, या उजवेराव, आज तरी डावीकडच्या खुर्चीत बसून दाखवा! सगळं दुकान हसायचं. आणि रॉन्डेल सगळ्यात मोठ्याने. मी चिडायचो. दर शनिवारी मी उठायचो, म्हणायचो, लिहा, पाचवा रॉन्डेल स्पाइट, आमच्या नदीकाठच्या एवढ्याशा कॉलेजात खेळून त्याने मार्चमधल्या देशभरच्या स्पर्धेत त्या मोठ्या युनिव्हर्सिटीला अडतीस गुण मारले, अडतीस! तुमचा मॅराविच खेळला असता आमच्या त्या फाटक्या संघात? आणि मध्येच कोण बोलणार? रॉन्डेलच! म्हणायचा, ए टॅव्हिस, बस खाली, मला चेंडू घेऊन डावीकडे जाता येत नाही. ज्याला डावीकडे जाता येत नाही तो पाचांत नसतो. पंचविसांतही नसतो. म्हणजे मी त्याच्यासाठी भांडतोय आणि हा पठ्ठ्या माझ्याविरुद्ध! गावात कुणी पाहिलं नसेल असं, माणूस स्वतःला यादीतून काढायला भांडतोय आणि जिंकतोय.

डोळे मिटा, गरम टॉवेल घालतो.

काल डिग्जबाईंनी बोलावलं, अंत्यविधीची सगळी व्यवस्था त्याच बघतात. म्हणाल्या, केस तू करशील की आम्ही करू? मी म्हटलं, कुणी हात लावायचा नाही. तिथे खुर्ची नसते. टेबल असतं, डोक्याखाली ठोकळा. मी सगळं नेलं, कापड नेलं, गळ्याशी बांधलं, तसं त्याची काही गरज नव्हती, केस कुठे टोचणार होते त्याला. आणि मी बोलत होतो, मला गप्प बसून करता येत नाही, बघताय ना तुम्ही. कपाळाची रेघ धरली आणि म्हटलं, रॉन, आता शेवटचं सांग, पहिला तूच ना? अल्सिंडॉरच्या वर? थॉम्पसनच्या वर? — आणि तो गप्प. म्हटलं, डावीकडचं काढणार नाहीस? — गप्प. एवढ्या वर्षांत पहिल्यांदा तो नाही म्हणाला नाही. रेघ दोनदा वाकडी गेली माझी. पुन्हा वर घेतली.

तिथून इथे आलो. सगळे बसलेले. मी दारातूनच म्हणालो — गंमत म्हणून हो, नुसती तोंडातून निघाली गंमत — म्हणालो, कबूल झाला एकदाचा, नाही म्हणाला नाही! मला वाटलं आजोबा म्हणतील, अरे गाढवा, पुठ्ठा वाच. खुर्चीतल्या माणसाला मत नाही! एवढंच म्हणायचं होतं कुणीतरी. पण काका उठले, ओला फडका घेतला, पाचही नावं पुसली, आणि सगळ्यात वर रॉन्डेलचं लिहिलं. अल्सिंडॉर दुसरा. मी युबँक्स आजोबांकडे बघितलं. ते अर्ध्या डोक्याने मान डोलवत होते. म्हणाले, बरोबर आहे. बरोबर आहे! ज्यांनी थॉम्पसनसाठी सख्ख्या मेव्हण्याशी बोलणं टाकलं, ते म्हणतात बरोबर आहे! मी म्हटलं, आजोबा, भांडा ना. तर माझ्या खांद्यावर हात ठेवला. मला त्या हाताची एवढी चीड आली —

तेव्हा कळलं मला, की तो मेला. डिग्जबाईंकडे नव्हतं कळलं. इथे कळलं.

समोर आता तेच चाललंय. एकेक उठून सांगेल, देवमाणूस होता, सगळ्यात मोठा खेळाडू होता. उजव्या कुणी म्हणणार नाही. मी तिथे उभा राहून काय बोलू? मीही तेच म्हणू? मग खरा रॉन्डेल, तो खाली बस म्हणणारा, तो कुठे जाईल?

टॉवेल काढतो. — तुमचे पाय पार भिंतीला टेकलेत. खेळलात वाटतं तुम्ही. — कुठे? — कुठे म्हणालात?

— ते? ती युनिव्हर्सिटी? त्या वर्षी?

थांबा. थांबा जरा. उठू नका! वस्तरा ठेवला मी, हा बघा, ठेवला खाली. — शेवटच्या चेंडूला. एका गुणाने मागे होतो आम्ही, चेंडू रॉन्डेलच्या हातात, समोर तुमचा लांब हातांचा एक जण, पूर्ण उजवीकडे सरकून उभा, डावी बाजू मोकळी, मैदानासारखी मोकळी, ट्रक गेला असता. मी टीव्हीसमोर ओरडत होतो, डावीकडे जा, डावीकडे जा! आणि तो उजवीकडेच गेला. आणि त्या लांब हातवाल्याने चेंडू असा टिपला, असा, झाडावरचं फळ तोडावं तसा —

तुम्ही.

तुम्ही आहात तो. मला तुमचा तिरस्कार वाटायचा. देवाशपथ सांगतो, तुमचा फोटो वर्तमानपत्रातून कापून मी त्याला काय काय केलंय ते सांगत नाही. — आणि एवढी गाडी हाकत आलात? त्याच्यासाठी? — हसताय काय? — नाही, रडताय. पुसा. थांबा, मीच पुसतो, फेस आहे कानाशी.

उभे राहा. हे बघा, कापड काढलं. या, खुर्चीपासून लांब या, इथे, पुठ्ठ्याखाली. आता तुम्हाला मत आहे. आता वस्तरा नाही, मी लहान भाऊ नाही, समोर कुणी मेलेलं नाही. आज शनिवार आहे असं समजा. तुम्ही त्याच्यासमोर चाळीस मिनिटं उभे होतात, गावातल्या कुणीही तुमच्याएवढं जवळून पाहिलेलं नाही. मला दया नको. मला खरं सांगा, मला कुणीच खरं सांगत नाही. तो पहिला आहे?

— नाही?

पाचांत?

— तेही नाही? काय म्हणालात? नाही? अहो अडतीस मारले त्याने तुम्हाला, अडतीस! त्यातले दहा तुमच्या डोक्यावरून! तुमच्या संघात पुढे पैसे कमावलेले चार जण होते, आमच्यात एक डेंटिस्ट झाला आणि बाकीचे कोंबड्या कापतात! आणि तुम्ही माझ्याच दुकानात उभे राहून मला सांगता — काय? — बोला, मोठ्याने बोला. — ठाऊक होतं तुम्हाला? आधीपासून? तुमच्या कोचने सांगितलं होतं, डावी मोकळी सोडा, तो जात नाही? सामनाभर मोकळी सोडली होती? आणि तरी अडतीस?

सगळे त्या एकाच बाजूने?

उजव्या. उजव्या लेकाचा! — नाही, हसू द्या मला. हसतोच आहे मी.

द्या तो फडका इकडे. ओला आहे ना? — पुसतोय. पहिलं नावच पुसतोय. काका ओरडतील. ओरडू देत. आजोबांना म्हणावं आधी ते अर्धं डोकं घेऊन येऊन बसा या खुर्चीत आणि मग भांडा माझ्याशी. आणि हे इथे खाली, काचेच्या बाहेर, चौकटीच्या लाकडावर लिहितोय, 'उजव्या' — साबण लाकडावर उठत नाही नीट. दिसतंय? जरासं दिसतंय ना?

गाणं थांबलं. आता मला शोधतील.

जा तुम्ही पुढे. मावशीला सांगा, येतोय. पैसे ठेवा ते खिशात, तुमची अर्धी बाजू राहिलीये, दिसत नाही का आरशात? राहू दे. आजोबांशेजारी बसा, जोडी होईल. — मी येतो म्हटलं ना. जा.

तिकडून नाही हो. उजवं ढकला.