बिनआवाजाची कडी

थोरली: काका, एवढंच बघा, की जुन्या किल्लीनं हे दार हललं पण नाही पाहिजे.

कुलूपवाला: मोठ्या ताई, निर्धास्त राहा. हे कुलूप लोण्यासारखं फिरतं. कुणी लावलं, कुणी उघडलं, आतल्या खोलीत पत्ता लागायचा नाही. आणि धाकट्या ताई, तुमची ती सवय कशी आहे आता?

धाकटी: कुठली?

कुलूपवाला: झोपेत चालायची.

थोरली: झोपेत कोण चालतं?

कुलूपवाला: ह्याच की. साहेबांनी सांगितलं होतं. दोन वर्षांपूर्वी येऊन गेलोय मी इथे. खाली मीटरच्या डब्यावर माझं स्टिकर आहे, तेच बघून फोन केलात ना? ते तेव्हाचंच. साहेब म्हणजे देवमाणूस हो. स्वतः चहा करून दिला मला.

थोरली: काय काम केलंत तेव्हा?

कुलूपवाला: त्या आतल्या खोलीला कडी बसवली.

थोरली: आतून?

कुलूपवाला: आतून कशी? झोपेत चालणारा माणूस आतली कडी काढून जाईल की जिन्यापर्यंत! बाहेरून. साहेबांच्या डोळ्यांत पाणी होतं सांगताना. म्हणाले, तिला काही झालं तर मी काय करू. मी घरी जाऊन बायकोला सांगितलं, बघ, नवरा असावा तर असा.

थोरली: आणि काय म्हणाल्या त्या?

कुलूपवाला: म्हणाली, मलाही कोंडा, मग भांडी तुम्हीच घासा. तिला काय, प्रेमाची कदर नाही.

धाकटी: मी झोपेत चालत नाही, काका.

कुलूपवाला: औषधानं गेलं असेल.

धाकटी: कधीच चालत नव्हते. झोपच लागायची नाही, तर झोपेत चालणार कुठून?

कुलूपवाला: ...मग ती कडी?

थोरली: आता कळलं, कुलूप का बदलतोय ते? कोर्टानं तुमच्या देवमाणसाला घराबाहेर काढलंय. शंभर मीटरच्या आत यायचं नाही, फोन नाही, कुणाहाती निरोप नाही. पण हुकूम तात्पुरता आहे. उद्या तारीख. हुकूम पुढे चालू राहतो, की स्वारी परत घरी येते, ते उद्या ठरणार.

कुलूपवाला: पण साहेब तर मघाशी दिसले मला! बसस्टॉपवर. मला हातसुद्धा केला.

थोरली: बसस्टॉप एकशे दहा मीटरवर आहे. आम्ही टेप लावून मोजलं. त्यानं आमच्या आधी मोजलं होतं. कायदा फार पाळतो तो.

कुलूपवाला: बसची वाट बघत असतील.

थोरली: नऊ दिवस?

कुलूपवाला: पण ताई, विचारू नये... मारायचे का?

धाकटी: नाही. बोटसुद्धा लावलं नाही कधी. त्याचं कोर्टात हेच म्हणणं आहे, आणि ते खरंय.

कुलूपवाला: मग?

धाकटी: जेवायचं कधी, आंघोळ कधी, कुणाशी बोलायचं, सगळं तो ठरवायचा. फोन त्याच्याकडे. भाजीला जायला एकवीस मिनिटं. बाविसावं लागलं की कडी.

थोरली: पाण्याचा पेला घेताना सुद्धा विचारते अजून. काल मला विचारलं, पंखा लावू का म्हणून. स्वतःच्या घरात!

धाकटी: ताई, तू मध्ये बोलू नकोस ना. म्हणजे... बोल. चालेल.

कुलूपवाला: आईशप्पथ, मला माहीत नव्हतं हो. तुम्ही नव्हता ना तेव्हा घरी. माहेरी गेल्या आहेत म्हणाले.

धाकटी: आईला दवाखान्यात ठेवलं होतं. चार दिवस गेले होते. परत आले तर दाराला कडी. म्हणाला, सरप्राइज.

कुलूपवाला: मला म्हणाले, आवाज होऊ नये, तिची झोप मोडते. म्हणून मी आत नमद्याचं मऊ कापड लावलं, तेल घातलं, दोनदा घासून बसवली. एवढं कडीला कुणी करत नाही, ताई.

धाकटी: काम चांगलंच झालं होतं. काही म्हणजे काही ऐकू यायचं नाही. कधी लावायचा, कधी नाही. सुरुवातीला मी दार ओढून बघायचे. मग ते सोडलं.

थोरली: म्हणजे दार उघडं असायचं? हे मला नाही सांगितलंस!

धाकटी: असेलही. ओढलंच नाही, तर कसं कळणार?

थोरली: मी तीनदा आले होते. तीनदा म्हणाला, झोपलीये, उठवत नाही. आणि मी पेढ्यांचा बॉक्स त्याच्या हातात देऊन परत! चौथ्यांदा पोलीस घेऊन आले. तीन वेळा अक्कल कुठे गहाण टाकली होती मी?

धाकटी: तुझा आवाज यायचा मला.

थोरली: मग हाक का नाही मारलीस गं?

धाकटी: तू गेल्यावर तो शाबासकी द्यायचा. हाक मारली नाही म्हणून.

थोरली: काका, पुढचं दार राहू द्या. आधी ती कडी उखडा.

धाकटी: हो. चालेल का, काका? आजची रात्र मला इथे एकटीला झोपायचंय. ती नको दाराला.

कुलूपवाला: आत्ता काढतो. दोन मिनिटांचं काम. ...बघा, अजून कशी चकचकीत आहे. एक स्क्रू हलला नाही.

थोरली: काढा आणि फेका. तुमची नाहीच आहे ती म्हणे.

कुलूपवाला: कुणाची नाही?

थोरली: तुमची. तुमच्या साहेबांनी कोर्टात लेखी दिलंय. हे बघा, वाचते. ‘सदर कडी घराच्या पूर्वीच्या मालकाने अडगळीच्या खोलीस बसविली असून ती जुनी व सामान्य प्रतीची आहे.’

कुलूपवाला: सामान्य प्रतीची?

थोरली: तसं लिहिलंय.

कुलूपवाला: ही? ही सामान्य? बाजारातली कडी अशी सरकते का? बोट लावून बघा! पूर्वीचा मालक म्हणे! चहा पाजून माझ्याकडून काम करून घेतलं आणि नाव कुणाचं लावतोय हा माणूस?

थोरली: काका, आम्ही एवढं सांगितलं, तेव्हा तुम्ही एवढे नव्हता तापला.

कुलूपवाला: ते वेगळं, हे वेगळं. म्हणजे... वेगळं नाही. पण माझा बाप सांगून गेलाय, कडीची पट्टी बसवायच्या आधी तिच्या पोटात टोच्यानं तारीख घाल आणि आपली खूण. उद्या कुणी म्हणालं नकली, तर उलटी करून दाखव. या पट्टीखाली माझी खूण आहे. तारखेसकट!

थोरली: काय? तारीख?

कुलूपवाला: महिना, साल, सगळं.

थोरली: आई दवाखान्यात होती तेव्हाची! कागद आहेत माझ्याकडे. आणि पूर्वीचा मालक तर त्याच्या आधी वर्षभर घर सोडून गेलेला! काढा, काढा, फोटो घेते मी.

कुलूपवाला: थांबा. नाही काढत.

थोरली: का?

कुलूपवाला: आज काढली तर उद्या तो म्हणेल, आजच कोरली. मी हा स्क्रू ड्रायव्हर खाली ठेवला. स्क्रूवरचा रंगसुद्धा तुटलेला नाही अजून. पंचांना घेऊन या, त्यांच्यासमोर काढतो.

थोरली: आणि उद्या कोर्टात येऊन हेच सांगाल?

कुलूपवाला: मोठ्या ताई, शहाण्यानं कोर्टाची पायरी चढू नये म्हणतात.

थोरली: शहाण्यानं म्हणतात. तुम्ही या.

कुलूपवाला: बोलता तुम्ही! तिथे वकील मला विचारणार, बाहेरून कडी लावताना तुला काही विचारावंसं वाटलं नाही का रे?

धाकटी: काय सांगाल?

कुलूपवाला: खरं सांगायचं तर... विचारलं होतं मी. विचारलं, स्टीलची हवी की पितळेची.

थोरली: एवढंच?

कुलूपवाला: घरी बायको सोडणार नाही मला. किती वाजता यायचं उद्या?

थोरली: साडेदहा. वकीलबाईंना आत्ता फोन लावते मी. आणि कडी आज राहणार म्हणजे तू माझ्याकडे चल झोपायला. कपडे घे दोन. काका, कुलपाच्या किल्ल्या किती?

कुलूपवाला: तीन येतात.

थोरली: एक मला द्या, एक वकीलबाईंकडे ठेवू. हिच्या हातून हरवायची.

धाकटी: तिन्ही मला द्या, काका.

थोरली: अगं, तुझ्या भल्यासाठी...

धाकटी: तोही हेच म्हणायचा, ताई.

थोरली: मी आणि तो एक?

धाकटी: नाही. म्हणून तर तुला सांगू शकतेय. मी इथेच झोपणार आहे. कडी राहू दे दाराला. मी पुढच्या खोलीत गादी घालीन. आणि काका, हे कुलूप नको.

कुलूपवाला: याला काय झालं? सगळ्यात भारी आहे. बिलकुल आवाज नाही.

धाकटी: आवाजाचं आहे का?

कुलूपवाला: एक आहे पिशवीत, जुन्या पद्धतीचं. कुणी घेत नाही. लावलं की खाडकन वाजतं, खालच्या मजल्यावर ऐकू जातं. लोक तक्रार करतील.

धाकटी: करू दे. ते बसवा.

(थोड्या वेळानं. दार बंद होतं, कुलूप खाडकन वाजतं.)

थोरली: बाई गं! दचकले मी. बसस्टॉपपर्यंत गेला असेल आवाज.

कुलूपवाला: सांगितलं होतं मी. बदलू का, ताई?

धाकटी: नको. किल्ली द्या इकडे. आता मी लावून बघते.