अंधार मोजणारी सून

दाताच्या दवाखान्यात दोन आजीबाई बोलत होत्या. ऐकलं तेच सांगतो, पदरचं अगदी चिमूटभर.

"तुमची सून करते काय हो?"

"दुर्बिणीच्या कॅमेऱ्यात येणारा प्रकाशाचा कण न् कण मोजते. आधी काळोख करून यंत्र किती थापा मारतं, ते तपासते."

"मग?"

"परवा काळोखातही यंत्रानं शेकडो कण मोजले. साहेब म्हणाले, यंत्र बाद! तिची तीन वर्षांची मेहनत हो!"

"अगंबाई! रडली असेल."

"छे! म्हणाली, यंत्र खरं तेच बोलतंय, खोलीत कुठंतरी उजेड आहे. साहेबांसकट अर्धा तास अंधारात नुसती बसली, डोळे सरावले आणि साहेबांचं मनगटच धरलं!"

"साहेबांचं?"

"घड्याळाचे काटे चमकत होते मेल्याचे!"

"धन्य पोरगी!"

"घरी मात्र न्हाणीघरातला दिवा रोज विसरते. पूर्वी मी ओरडायचे. हल्ली गुपचूप मीच मालवते."