अंगाच्या भाराचं सोनं

हनमकोंड्याच्या स्टँडवर मेडारमच्या जत्रेची बस अजून लागायची होती. रांगेत लचव्वाच्या पुढे एक नवराबायको दोन पोत्यांवर बसून वाद घालत होते. पोत्यांत सोनं होतं, म्हणजे सम्मक्का देवीला अंगाच्या भाराइतका वाहतात तो गूळ.

"अहो, दर जत्रेला तुमच्या अण्णाच्या ट्रॅक्टरमधून जातो. या खेपेलाच बस कशाला?"

"ट्रॅक्टरनं कंबर दुखते."

"बांधावरून भावाशी भांडलात, म्हणून दुखते. बरं, हा गूळ कुणाच्या भाराचा?"

"माझ्याच."

"तुमच्यात एवढं वजन कुठंय? तुमचा सदरा दोरीवर वाळत असतो, तो तुमच्यापेक्षा भरलेला दिसतो."

"हळू बोल, कोमुरव्वा. माणसं ऐकतात."

लचव्वानं मान वळवली, कान तिथेच ठेवला.

"ऐकू देत. कोण आहे ती अंगानं भरलेली?"

"ती नाही. अण्णा."

"काय?"

"हैदराबादला त्याचं ऑपरेशन झालं ना, तेव्हा देवीला बोललो होतो. हा उठला तर याच्या भाराचं सोनं वाहीन."

"तेव्हा तर तुमचं बोलणं बंद होतं."

"त्याच्याशी बंद होतं. देवीशी नव्हतं."

"मग त्यांच्याच ट्रॅक्टरमधून न्यायचा की."

"आणि त्याला कळलं म्हणजे?"

बस आली, रांग हलली. कोमुरव्वानं पदर खोचला.

"धरा तिकडून. सगळी गल्ली भेटणार आहे तिथं. कुणी विचारलंच, तर माझ्या भाराचा म्हणा. माझ्याकडे बघून कुणाला संशय यायचा नाही."