शर्टाला लागलेला कापूस

माझं माहेर कुडाळकडचं, लग्न होऊन आले ती थेट लालबागच्या चाळीत, दुसऱ्या माळ्यावर, आणि एवढी म्हातारी झाले तरी लालबाग काही सुटलं नाही. आमचे हे गिरणीत साच्यावर होते, साचा म्हणजे कापड विणायचा माग, आणि कामाला पक्के, पण रागीट. जेवण गार असलं तर बोलायचे नाहीत, ताट सरकवायचे. मी पण काय गप्प बसणारी नव्हे, ताट उचलून ठेवायची, म्हणायची भूक लागली की याल.

मग संप झाला. शिमग्यापर्यंत मिटेल, गणपतीपर्यंत मिटेल, काय सांगू तुम्हाला, मिटेल मिटेल म्हणता डब्यातले तांदूळ संपले. दोन पोरं पदरात. दादरला एक ताई होत्या, त्यांचं खेळण्यांचं दुकान, राहायच्या पण दुकानाच्या मागेच, त्यांनी मला काम दिलं. फेल्टचे तुकडे कापून द्यायच्या, रंगीत दोरा द्यायच्या, पिंजलेला कापूस द्यायच्या पोतं भरून, आणि आपण हत्ती शिवायचे. एवढासा हत्ती, तळहातावर बसेल असा. दोन्ही बाजू जुळवून काठाकाठाने टाका घालत यायचं, पोटाशी थोडं उघडं ठेवायचं, तिथून कापूस भरायचा. सोंड आधी भरायची हां, चिमूट चिमूट कापूस घेऊन पेन्सिलीने ढकलायचा, नाहीतर सोंड लोंबते आणि हत्ती आजारी दिसतो. ताई असला हत्ती परत पाठवायच्या.

हे नुसते बघत बसायचे. गेटवरच्या सभेला जायचे, परत यायचे, बघत बसायचे. एक दिवस माझ्या हातातून हत्ती काढून घेतला, म्हणाले गाठ मारूची अशी नसता, ही उद्या सुटतली. आणि मारली गाठ. साच्यावर तुटलेला धागा जोडायची ती गाठ, चपटी, इवलीशी, ओढाल तशी घट्ट होणारी. तिथनं पुढे बसायलाच लागले. मी टाके घालायची, हे कापूस भरायचे, पोट शिवायचे, गाठ मारायचे. माझ्यापेक्षा चांगली सोंड भरायचे, खोटं कशाला बोलू.

पण अट काय, तर कोणाला कळता कामा नये. साचेवाला माणूस घरात बसून पोरांची खेळणी शिवतो म्हटलं तर लोक हसतील. मला पोरांच्या डोक्यावर हात ठेवायला लावला, शपथ घ्यायला लावली. म्हटलं हसू देत की, हसणारे काय तांदूळ आणून देणार आहेत? तर म्हणाले, तुका काय कळता, गप रव. मग काय, दार लावून बसायचं. आता तुम्हाला चाळ ठाऊक आहे ना, दिवसा दार कोण लावतं का चाळीत? कोणी आजारी असलं, कोणी मेलं तरी दार उघडं. आणि आमचं आपलं बंद, पोरांना बाहेर खेळायला घालवलेलं. तयार माल पिशवीत घालून हे दादरला पोचवायचे, ते पण कोणी बघू नये म्हणून पहाटे, बरोब्बर पहिल्या पाळीच्या वेळेला. अहो, माझ्या एकदाही डोक्यात आलं नाही हे कसं दिसतंय ते!

कारण त्या दिवसांत काही जण गुपचूप कामावर जायला लागले होते. पहाटेच. त्यांना फितूर म्हणायचे. मारायचे पण. आमच्याच गल्लीत एकाला एवढा मारला की त्याची बायको त्याला हाताला धरून न्यायची. आणि फितूर ओळखायचा कसा, तर कापसावरून. गिरणीतून माणूस बाहेर आला की केसांत, भुवईत, शर्टाच्या शिवणीत कापसाची पिंज बसलेली असायची, कितीही झटका. संपात सगळ्यांची डोकी काळीभोर. आणि आमचे हे गेले सभेला, केसांत, शर्टाला कापूस घेऊन!

संध्याकाळी, मी दिवा लावत होते, जिना वाजला. पाचसहा जण असतील, पुढे जनूभावजी. जनूभावजी म्हणजे यांच्या बाजूच्या साच्यावरचे, माझ्या धाकट्याला ज्यांनी खांद्यावर बसवून गणपती दाखवले ते. त्यांनी यांची कॉलर धरली. म्हणाले, बोल, किती दिवस आत जातोस? दार लावून काय लपवतोस? पिशवीत डबा घेऊन पहाटे कुठे जातोस? आणि हे काय, आणि यांच्या केसांतून कापूस ओढून यांच्याच तोंडासमोर धरला. गॅलरी भरली बघायला. एकाच्या हातात काठी होती, ती मला दिसत होती.

आणि हा माणूस बोलेना! अहो एक शब्द नाही. मी बघतेय यांच्याकडे, सांगा, सांगा की, आणि हे भिंतीकडे बघतायत. मार खाईन पण हत्ती शिवतो म्हणून सांगणार नाही. धाकटा रडायला लागला. माझं डोकं असं तापलं की म्हटलं गेली ती शपथ खड्ड्यात, देवाला सांगेन मी काय ते. कॉटखालची पिशवी ओढली आणि गॅलरीत सगळ्यांच्या पायाशी पालथी केली. हत्तीच हत्ती. लाल, निळे, पिवळे.

कोणी हसलं नाही. काठीवाला म्हणाला, हे तर वहिनींचं काम, याचं काय त्यात? तेव्हा मी एक हत्ती जनूभावजींच्या हातात कोंबला. म्हटलं पोटाखालची गाठ बघा, बाईमाणसाची गाठ आहे ती? त्यांनी बघितली. दुसरा उचलला, तिसरा उचलला. मग हळूच कॉलर सोडली. म्हणाले, गाठ साच्यावरची. दिवसभर हेच करत असणार, एवढे हत्ती आहेत. आणि खाली बसून एकेक हत्ती पिशवीत भरायला लागले. माफी नाही मागितली. बाकीचे पण जिना उतरले.

हे माझ्याशी कितीतरी दिवस बोलले नाहीत. वाचवलं म्हणून नाही, उघडं पाडलं म्हणून. मी पण नाही बोलले. पण काम थांबलं नाही, मधे हत्ती ठेवून दोघं मुकाट शिवत बसायचो, आता दार उघडं ठेवून.

पुढे काय झालं ते तुम्हाला माहीत असेल. संप मिटला असं कोणी सांगितलंच नाही, माणसं हळूहळू एकेक करून गेटातून आत गेली. जनूभावजी पण गेले, खाली मान घालून गेले. त्यांच्या घरात पण पोरं होती, मी दोष नाही देत. मी यांना म्हटलं, आता सगळेच जातायत, तुम्ही पण जा, पाया पडते. तर म्हणाले, माका फितूर म्हटल्यानी, आता जाऊन तां खरा करू काय? नाही गेले. गिरणी पडली, तिथे टॉवर झाला, त्याच्या गेटावर वॉचमन म्हणून उभे राहिले म्हातारपणी, पण गिरणीत नाही गेले. फंडाचे, ग्रॅच्युइटीचे सगळे वांधे झाले. थोरल्याचं शिक्षण सुटलं.

लोक म्हणतात, मोठा ताठ माणूस होता हो तुमचा. मी मान डोलावते. पण तुम्हाला म्हणून सांगते, ते जाऊन इतकी वर्षं झाली तरी मला त्यांचा राग येतो. थोरला टेम्पो चालवून घरी येतो, कंबर धरून जिना चढतो, तेव्हा येतो. आणि कोणी त्यांना नाव ठेवलं तर त्याचा त्याहून जास्त येतो. चला, चहा घ्या, गार होतोय. तुमच्या मुलाबाळांचं चांगलं होऊ दे.