तोफेला बांधलेली दोरी

हां हां मास्तर, थांबा — तोफेला काय हात लावायचा तो लावा, पाहिजे तर वर चढा, पोरं रोज चढतात, पण त्या दोरीला हात नको. सोडू नका म्हणते ना! फोटोत वाईट दिसते? मग नका काढू फोटो. अहो, तुमी पालघरवरून रविवारी माणसं आणणार, फिरंग्यांचे किल्ले दाखवणार — आणा, आमी काय त्यांना खाणार नाय. सकाळी शिरगावचा किल्ला, मग केळव्याचा पाण्यातला, दुपारी नवापूरला ही तोफ, संध्याकाळी तारापूर — एका दिवसात? केळव्याची ओहोटी काय तुमच्यासाठी थांबून राहणार हाय? भरतीला पोचलात तर काठावरूनच हात जोडाल. आणि तारापूरच्या किल्ल्यात वाडी हाय, मालकाला आधी विचारून ठेवा, नायतर दारातून परत. मी काय सांगणार तुमाला, तुमी शाळेत लढाया शिकवता, मी जवळा सुकवणारी बाई. पाय उचला जरा, जवळ्यावर उभे हाव.

फिरंग्यांची तोफ का पेशव्याची, ते तुमचं तुमी ठरवा. माझ्या सासऱ्याच्या बापाच्या आधीपासून ती तोंड खाली करून रेतीत पुरलीय. तिच्यापायी किती माणसं मेली ते तुमच्या पुस्तकात असेल — आमाला ती होड्या बांधायला. एवढी घट्ट खुंटी साऱ्या किनाऱ्यावर नाय. होडी दर्यात गेली की तिच्यातल्या दर माणसाची एकेक दोरी इथं तोफेला बांधलेलीच राहते. माणूस आला की आपल्या हातानं होडी तिला अडकवतो. आणि नाय आला — प्रेत किनाऱ्याला लागलं — तर घरातली बाई येऊन दोरी सोडते. मग कुंकू पुसायचं, बांगड्या फोडायच्या, बारावं घालायचं. आधी नाय. कोणी सांगितली ही रीत? कोणी नाय, अशीच चालत आली. दोरी हाय तोवर माणूस हाय. आता कळलं का म्हटलं हात लावू नका?

ही माझ्या रामनाथची. एकुलता एक पोरगा. लढाई झाली ना पाकिस्तानची, त्या साली, दिवाळीच्या तोंडावर गेला. सकाळी दर्या कसा शांत होता — आणि दुपारी असा उठला की घरांवरचे पत्रे गेले. तिघं होते होडीत. एक घिवलीला लागला, एक आठवड्यानं वर डहाणूकडं, त्यांच्या बायकांनी दोऱ्या सोडल्या, मीच धरून आणलं त्यांना इथवर, एकीला तर उभं राहता येत नव्हतं. रामनाथ काय लागला नाय. मग? नाय लागला म्हणजे हाय. पाकिस्तानवाल्यांनी धरून नेला असेल, नेतात की, गुजरातची माणसं नेलीत, ऐकलंय मी बोईसरच्या बाजारात. नायतर कुठल्या मोठ्या बोटीनं उचलला असेल. तुमी मान हलवता मास्तर, पण तुमाला काय ठाऊक!

काय म्हणालात? नवी दिसते? नवीच हाय. काथ्या तो, मास्तर — ऊन, खारं पाणी, एका पावसाळ्यात कुजतो. मग बदलायला नको? जुनी निघायच्या आधी नवी बांधते, मोकळी एक घडी ठेवत नाय. गाठ? गाठ त्याचीच — म्हणजे तो घालायचा तशी. घालते मी. मी घातली म्हणून काय झालं, दोरी बांधलेली हाय ना! तुमच्या किल्ल्यांना सरकार डागडुजी करतं तेव्हा कोणी विचारतं का दगड नवा का जुना? हसू नका. हसण्यासारखं नाय बोलले मी.

हळू बोला. सून हाय माझी, तानी, तिकडं मांडवाआड बोंबील टांगतेय. गुणाची हाय. डोक्यावर पाटी घेऊन बोईसरला जाते, चालत, विकून येते, पैसे माझ्या हातात ठेवते. तरणी हाय. मूलबाळ नाय झालं, लग्नाला वर्षसुद्धा पुरतं झालं नव्हतं. मला डोळ्यांनी धड दिसत नाय, गुडघे गेले — ती हाय म्हणून चूल पेटते आमची. आणि तो मेला घिवलीचा चिंतू, त्या नव्या वीजकारखान्याच्या कामावर सिमेंट कालवतो, आठवड्याला रोकडा पगार, हिंदी बोलायला शिकला नि मोठा सायेब झाला — तो आला पाट लावायचा म्हणून विचारायला. माझ्या दारात! वाईट नाय हो पोरगा. दारू पीत नाय. दोनदा आला, दोन्ही वेळा मान खाली घालून बोलला. आमच्यात विधवेचा पाट लागतो, त्याला कोण नाय म्हणत नाय. पण ही कुठं विधवा हाय? मी त्याला हात धरून इथं आणला, दोरी दाखवली. म्हटलं, जित्या माणसाची बायको मागतोस? आल्या वाटेनं गेला.

ती काय म्हणाली? त्या दिवसापासून माझ्याकडं पाठ करून जेवते, एवढंच. तीन माणसांच्या घरात दोघी राहिलो आणि त्यातली एक भिंतीकडं बघून जेवते. शिमग्याला सगळा गाव होळीपाशी आणि ही इथं, एकटी, दोरीवर हात ठेवून बसलेली. सोडत नव्हती हो, नुसता हात होता. पण माझं डोकं फिरलं. ओरडले मी. नवऱ्याला मारतेस काय गं, म्हटलं, सटवे, त्याच्या जिवावर उठलीस! होळीपाशी सगळ्यांना ऐकू गेलं. तिनं हात काढला, उठली, घरी जाऊन भात टाकला. मला वाढला. मी जेवले — जेवले, मास्तर, पोटभर.

तुमाला वाटेल म्हातारी दुष्ट हाय. असेन. तुमी पालघरला जाल, तुमची बायको दार उघडेल. ही गेली तर माझ्या घरात कोण? पाटी कोण उचलेल? आजारी पडले तर पाणी कोण देईल — ती तोफ देईल? माझा पोरगा गेला, आता सूनपण द्या म्हणता —

गेला म्हणजे गेलाच नाय — बोलण्यात येतं तसं. अहो असं काय बघता? आई हाय मी, मला समजत नाय होय? त्या दुपारीच समजलं. पत्रे उडत होते तेव्हाच. ते काय सांगायला लागतं? दर्या एवढ्या वर्षांनी कोणाला परत देतो! पितरांच्या दिवसात पानं ठेवते मी घरामागं, सासऱ्याचं एक, नवऱ्याचं एक, नि तिसरं रामनाथचं. कोलंबीचं कालवण वाढते, त्याला आवडायचं. ठेवलं की कावळा येतो, आधी त्याच्याच पानाला शिवतो, बाकीच्यांना थांबायला लावतो. मी रडते नि म्हणते, जेव रे बाबा, उपाशी ठेवलं नाय तुला —

काय? कोण? मागं कोण हाय?

तानी. कधी आलीस गं? मी आपलं मास्तरांना किल्ल्यांचं सांगत होते. रविवारी येणार हायत, माणसं घेऊन. जा तू, बोंबील राहिले असतील. जा ना. — अशी बघू नको. पितरांचं पान म्हणजे काय, घालतात, पाहुण्यालासुद्धा घालतात. तानी, ऐक. ऐक की — कुठं चाललीस? मास्तर, अडवा तिला, तुमी पुरुष माणूस, नुसते उभे काय! तानी, हात लावशील तर माझं तोंड बघशील मेलेलं! नको गं. तुला जा म्हणेन मी, चिंतूकडं जा, उद्या जा, मीच सांगावा धाडते, पण ती राहू दे. ती माझी हाय. बाय माझे, एवढी एक राहू दे —

सुटली.

आण इकडं. नको टाकूस रेतीत. दे, मांडीवर दे माझ्या. बस. बस इथं, जवळ्यावर बसलीस तरी चालेल. हात दे. बांगड्या मी काढते, दगडानं नको फोडू, तुला लागेल.

तुमी अजून हाव, मास्तर? जा आता. आमच्या घरात माणूस गेलंय.