गोळ्या वाढल्या

पंकजा : म्हणजे जास्त झाल्या?

झुंबरबाई : वाढल्या.

पंकजा : तेच विचारतेय, ताई. ॲपमध्ये तुमच्याच आवाजात आहे, ‘गोळ्या वाढल्या’. डॉक्टरांनी वाढवल्या का?

झुंबरबाई : डाक्टर कशाला वाढवतील? घेता घेता वाढल्या.

पंकजा : घेता घेता कशा वाढतील?

गोजरबाई : अगं पोरी, रोज घेतल्यावर वाढनारच की. तू पुन्याची म्हनून काय झालं, तुझ्या घरी काय वाढतच न्हाई व्हय?

पंकजा : आजी, माझं डोकंच चालेनासं झालंय. किडनी बदललेल्या पेशंटना विचारून विचारून बनवलं मी हे ॲप. नुसती बटणं नकोत, बोलायची सोय द्या, हे तर तुमच्या सूनबाईंनीच सुचवलं. आता त्या बोलतात ते मलाच कळेना, मग मोबाईलला काय कळणार, कपाळ?

झुंबरबाई : मी तर सरळ बोलले. फोननं पन लगेच हिरवी खून केली. म्हनलं, पोचला सांगावा.

पंकजा : हिरवी खूण म्हणजे गोळ्या भरपूर आहेत.

झुंबरबाई : भरपूर? अवो, डबी धुऊन पालथी घातलीया मी.

पंकजा : डबी रिकामी आहे?

गोजरबाई : रिकामी म्हनू न्हाई गं. कुंकू वाढतं, दिवा वाढतो, हातातली बांगडी वाढती. बोलाफुलाला गाठ पडायला कितीसा येळ लागतो?

पंकजा : थांबा, थांबा. नारळ वाढवतात, तसं? म्हणजे गोळ्या सं…

झुंबरबाई : बाई, नका म्हनू!

पंकजा : अहो, पण स्क्रीनवर तेच लाल बटण आहे की! दाबलं असतं तर…

झुंबरबाई : त्याला म्या हातच लावत न्हाई. कुनी लिवलं तसलं अभद्र?

पंकजा : मी लिहिलं. ताई, कधीपासून गोळी नाही पोटात?

झुंबरबाई : परवापासनं. त्यात काय एवढं? कोल्हारात त्या मिळत न्हाईत. मालक नागापूरला कंपनीत हायेत, त्यांच्या मोबाईलवर पन हेच दिसतंय ना? रविवारी येताना नगरहून घेऊन येतील.

पंकजा : तुमच्या अजिनाथरावांनाही हिरवंच दिसतंय. ते कशाला आणतील?

झुंबरबाई : आं? मग म्या कुनाला सांगत हुते?

पंकजा : कुणालाच नाही, ताई. आता मला भीती वाटतेय. या गोळ्या चुकवून चालत नाही. अंगाला ती किडनी परकी वाटते. गोळ्या आहेत तोवर अंग गप्प बसतं, नाहीतर तिच्यावर उलटतं.

गोजरबाई : परकी? माझी हाय ती. सख्ख्या सासूची.

झुंबरबाई : आत्याबाई, मी कदी परकी म्हनले का? कुशीवर वळताना सुदीक जपते तिला. तुमी काढून दिलेली वस्तू. तिच्या गोळ्यांना तसलं कसं बोलू? जीभच वळंना माझी.

पंकजा : माझी गाडी दारात आहे, नगरला निघू. थांबा, आधी दवाखान्यात फोन. हॅलो, सिस्टर? कोल्हारहून बोलतेय, ॲपवाली पंकजा. झुंबरताईंच्या गोळ्या… काय? हो, दिसतं तसं, पण चुकीचं आहे ते. बरं, देते. ताई, त्यांच्याकडंही भरपूरच दिसतंय. पेशंटच्या तोंडून ऐकायचंय म्हणतात.

झुंबरबाई : हॅलो. व्हय, मीच. गोळ्या ना? वाढल्या. न्हाई, डाक्टरनी न्हाई वाढवल्या. न्हाई वो, जास्ती कशाला खाईन? वाढल्या म्हंजी… पंकजाताई, ह्या बी तुमच्यासारखंच इचारायल्यात.

पंकजा : एकदाच म्हणा, ताई. एकच शब्द आहे.

(झुंबरबाई फोन तोंडाशी धरून उभी. ओठ हलतात, पण शब्द काही फुटत नाही. पलीकडून सिस्टर हॅलो हॅलो करतेय.)

गोजरबाई : आन इकडं. हॅलो, मी सासू बोलतीया तिची. किडनी दिलेली. संपल्या. माझ्या सुनंच्या गोळ्या संपल्या. परवाच संपल्या. आता कळलं का? हां. काढून ठिवा, निघालो आमी.

झुंबरबाई : आत्याबाई… तुमी म्हनलात?

गोजरबाई : म्हनले. तू चप्पल घाल.