ओवाळणीतली दहा मिनिटं

मी मूळचा अंजूरचा. खाडीकाठाला आमची भातशेती व्हती, आता तिथं गोदामं झाली, पन मी लहान व्हतो तवा घरात लाईट न्हवती, चिमनी लावून अभ्यास केला, आयटीआय केला आनि वीज खात्यात लागलो. माझा बाबूस साऱ्या गावात सांगत फिरला, आमचा जनार्दन आता लोकांना लाईट देनार. देनार म्हने. काय सांगू तुमाला, पस्तीस वर्सं नोकरी झाली, लाईट आली म्हनून कोनी मना चहा पाजला न्हाय, गेली म्हनून शिव्या मात्र रोज खाल्ल्या.

माझी ड्युटी सबस्टेशनात. एक खोली, भिंतीला बटनांचे पॅनल, एकेका पॅनलवर एकेक फीडर, म्हंजे चार-पाच गावांची लाईन. वरून फोन यायचा, अमका फीडर बंद कर, की मी बटन फिरवायचो, ब्रेकर पडायचा, चार गावांचे कापड विननारे लूम गप. लोडशेडिंगची ती वर्सं तुमाला आठवत असतील. गाववाले बोलायचे भिवंडीत आकडे टाकतात म्हनून आमची लाईट जाते, भिवंडीवाले बोलायचे गावात कोनी बिल भरत न्हाय, साहेब बोलायचे वीजच कमी हाय तर मी कुठून आनू, आनि लूमवरचे कामगार शिफ्ट सोडून गेटवर यायचे, ऐ लाईटवाले, तेरे घर में तो पंखा चल रहा है ना. माझ्या घरचा पंखापन बंद असायचा, पन सांगू कोनाला. बटनावर हात माझा, म्हनून दोष पन माझा. सुरवातीला मी समजवायचो, मंग सोडून दिलं.

एक गोष्ट मात्र खरी, माझा टाइम पक्का व्हता. खारबावच्या फीडरला सकाळी दहाला लाईट जायची ती दहालाच जायची, बायका त्याच्या आधी चटनी वाटून घ्यायच्या, गिरनीवाला दहाला शटर ओढायचा, लोकं माझ्यावर घड्याळं लावायची. ह्याची मना घमेंड व्हती, खोटं कशाला बोलू.

त्याच खारबावात माझी धाकटी बहीन गुलाब दिलेली. तिच्या घरी आठ लूम. लाईट गेली की शेजारपाजारचे तिला टोमने मारायचे, तुझ्या भावानं खेचली बघ. सासूपन बोलायची. वर्सभर ती माझ्याशी धड बोलली न्हाय. भाऊबीजेला गेलो, पाटावर बसलो, तिनं ओवाळलं, मी खिशात हात घातला तर बोलली,

दादा, ताटात पैसे नको टाकू. मना दहा मिनिटं टाक.

मना कळेना. मंग बोलली, सोमवारी माल न्यायला टेम्पो येनार हाय, कापडाचा शेवटचा ताका दहाला पुरा होत न्हाय, मधीच लाईट गेली की कापडावर आडवी रेघ पडते, व्यापारी माल परत पाठवतो, एकदा परत आला तर घरचे तुझं नाव काढून मना बोलतात. दहा मिनिटं दे, मंग जन्मभर काय मागनार न्हाय. निरांजन तिच्या हातात तसंच, आनि डोळ्यात पानी. मी हो बोललो. बहिनीला ओवाळनी न्हाय कशी म्हनायची, तुमीच सांगा.

सोमवार उजाडला. दहाच्या आधी वरून फोन आला, मी हो साहेब बोललो आनि बटनाला हात लावला न्हाय. भिंतीवरच्या घड्याळाकडं बघत बसलो. दहा. दहा एक. दहा तीन. पाय गप राहीना, उठलो, पानी प्यालो, परत बसलो. दहा सातला धाडकन आवाज झाला आनि खारबावचा ब्रेकर आपसूक पडला. लाईनीवर कायतरी लागलं की तो पडतो. आनि मना काय वाटलं माहीत हाय काय? बरं झालं. माझ्या हातानं पाडायला लागला न्हाय, बहिनीला मी लाईट तोडली असं झालं न्हाय. बरं वाटलं मना. त्या बरं वाटन्याचीच आज शरम वाटते.

अर्ध्या तासानं कळलं, काळूराम लाईनीला चिकटला.

काळूराम खारबावचा वायरमन, खात्याचा न्हवे, गावचा. खात्याचा मानूस यायला दोन-दोन दिस लागायचे म्हनून गावचं समदं काम तोच करायचा, आनि करायचा कदी, तर लाईट गेलेली असते तवा. त्या दिसाला त्याच्या आळीच्या डीपीचा फ्यूज उडालेला, म्हंजे तिथले लूम आधीच बंद, खडखड थांबली म्हंजे लाईट गेली हे कळायची सोयच न्हाय. त्यानं मनगटावरचं घड्याळ बघितलं, दहा वाजून गेले, आनि वर चढला. माझ्या टाइमावर भरवसा ठेवून चढला, बाबा. जगला, पन डावा हात खांद्याच्या खाली कापायला लागला.

संध्याकाळी साहेब आले, रजिस्टर मागितलं. मी दहा लिहिलेलं. रोज दहा लिहायचो, तेच लिहिलं. मंग चौकशीत आलं की लाईन दहाला बंद व्हती, मानूस टाइमाच्या आधी चढला, खांबावर चढायचं परमिट न्हाय, चूक त्याचीच. भरपाई न्हाय. गावपन बोलायला लागलं, काळूरामचं घड्याळ पुढं व्हतं. नाक्यावर मस्करीत इचारायचे, काळूराम, किती वाजले रं? तो बिचारा सांगत बसायचा, माझं घड्याळ बरोबर व्हतं, आदल्याच दिसाला लावलेलं. कोन ऐकतो.

तीन वर्सं मी त्या गावात मान वर करून गेलो न्हाय. जेवताना दहा सात, आंघोळीला दहा सात. गुलाबला सांगितलं, तर ती दाराला कडी लावून रडली, बोलली दादा, कोनाला सांगू नको, गाव मना जाळील, दहा मिनिटं मीच मागितली ना. मी बोललो तू मागितली, दिली मी.

शेवटी गेल्या महिन्यात खारबाव स्टेशनाबाहेर काळूरामच्या पानटपरीवर गेलो. एका हातानं पान लावत व्हता, चुना डबीतून काढायचा तर डबी पोटाशी दाबून धरायची. मी समदं सांगितलं, ओवाळनीपासून रजिस्टरापर्यंत. त्यानं ऐकलं. पान गिऱ्हाइकाला दिलं. मंग बोलला,

मना कशाला सांगतो? मना माहीतच व्हतं माझं घड्याळ बरोबर व्हतं. नाक्यावर सांग.

शिवी दिली असती तर बरं झालं असतं. नाक्यावर सांगायचं म्हंजे नोकरी जानार, ती जाऊ दे, दीड वर्सं राहिलीय, पन गुलाबचं काय? आनि न सांगावं तर त्याचं काय? दोनदा रिक्षात बसलो, दोनदा नाक्याच्या अलीकडं उतरलो.

परवा गुलाबचा फोन आला. भाऊबीजेला येतोस ना? येतो बोललो. मंग बोलली, दादा, ह्या वर्साला ओवाळनीत काय नको, जाताना नाक्यावर आपन दोघं थांबू. देव तिचं भलं करो. मी इतका मोठा, पन हिंमत तिनं केली.

तुमी हे लिहून घेताय ना? माझं नाव घाला, गावाचं घाला. शब्द इकडचे तिकडं झाले तरी चालतील, पन टाइम नीट लिहा. लाईन दहा वाजून सात मिनिटांपर्यंत चालू व्हती. काळूरामचं घड्याळ बरोबर व्हतं.